चावी, चलान आणि चालूच राहिलेला डीजे

उपनगरात राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. सिग्नल ओलांडल्यावर झाडाआड उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने त्यांची दुचाकी अडवली, एक अक्षर न बोलता चावी काढून घेतली, खिशातल्या स्वतःच्या मोबाइलवर मागून फोटो काढला आणि मग चावी देऊन जायला सांगितलं. दीड महिन्याने दोन चलानं आली, एक हेल्मेटचं आणि एक झेब्रा पट्टीवर थांबल्याचं. हेल्मेट नव्हतं हे ते कबूल करतात, झेब्रा मात्र साफ खोटं म्हणतात. त्याच सुमारास पत्नीची स्कूटर दवाखान्यासमोरून टोइंगवाल्यांनी उचलली. आणि गणपतीत रात्री साडेअकराला डीजेबद्दल ११२ ला फोन केला तेव्हा ‘गाडी पाठवतो’ असं उत्तर मिळालं. डीजे दीडला थांबला, तोही जनरेटरमधलं डिझेल संपलं म्हणून. ते विचारतात, ‘कायदा फक्त हाताशी सापडणाऱ्या माणसालाच आहे का, आणि आम्ही नेमकं करायचं काय?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ असं आहे. दुसऱ्याचं लांब आहे. मी फौजदारी कोर्टात वकिली करते, मोटार वाहन कायद्याच्या तारखा हे माझं रोजचं काम. पाचशे रुपये गेले म्हणून सहसा कुणी वकिलाकडे येत नाही. त्याच चौकात, त्याच वेळी, उलट्या दिशेने आलेला पाण्याचा टँकर हवालदाराने हात दाखवून पुढे जाऊ दिला हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि ते डोक्यात घेऊन तो माणूस माझ्यासमोर बसतो. पोलिसाच्या हातात कायद्याने दिलेला अधिकार भरपूर आहे. तो कुणावर वापरला आणि कुणावर नाही, याचा कागद मात्र क्वचितच राहतो. पुढे मी जे सांगणार आहे त्याचा रोख एवढाच आहे, की कारवाई होवो वा न होवो, तिचा कागद तयार करून घ्या.

चावीपासून सुरुवात करू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १३० गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाला लायसन्स मागण्याचा अधिकार देतं. कलम २०६ खाली लायसन्स ताब्यात घेता येतं, पण पोच द्यावी लागते. कलम २०७ खाली नोंदणी, परमिट किंवा लायसन्स नसताना चाललेली गाडी अडकवून ठेवता येते. चावी उपटून घ्या किंवा चाकातली हवा सोडा, असं सांगणारं कलम या कायद्यात नाही. पोलिसांचं म्हणणं असतं की चावी घेतली नाही तर माणूस पळतो, अंगावर गाडी घालतो. हे अगदीच खोटं नाही; हवालदाराला बॉनेटवर घेऊन फरफटत नेल्याचे प्रकार आपल्या राज्यात घडलेले आहेत. पण म्हणून साध्या हेल्मेटच्या केसमध्ये, वाहतूक चालू असताना, हँडलवर हात घालून चावी काढणं कायदेशीर होत नाही. त्या झटापटीत दुचाकी आडवी झाली तर जबाबदारी कुणाची, हे नंतर कोर्टात कुणीही सांगायला तयार नसतं.

त्या क्षणी काय करायचं? गाडी बाजूला घ्या, उतरा, आणि शांतपणे विचारा, ‘साहेब, कलम कोणतं लावताय?’ छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचा, वेळ बघा, डोक्यात ठेवा. चावी परत ओढायला हात घालू नका. चौकात अजूनही ‘तीनशे त्रेपन्न लावीन’ अशीच धमकी ऐकू येते. ते जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते कलम १३२ झालं, पण दात अजून आहेत: सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, दखलपात्र, अजामीनपात्र, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. चलानावरून सुरू झालेली हुज्जत तिथवर गेली, की मूळ चलान बरोबर होतं की चूक हे विचारायला कुणाला वेळ नसतो. जामीन, तारखा, आणि नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी करताना निघणारा गुन्हा, एवढं सगळं त्या एका हिसक्यात येतं.

मोबाइलवर चित्रीकरण करता येतं का, हा प्रश्न हमखास येतो. रस्त्यावर चाललेलं पोलिसांचं काम दुरून चित्रित करायला कायद्याची बंदी नाही. पोलीस ठाण्याच्या आत चित्रीकरण केलं म्हणून शासकीय गुपित कायद्याखाली गुन्हा दाखल झालेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं, की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही. पण चित्रीकरण करायचं ते पुराव्यासाठी. लाइव्ह लावून समोरच्याचा आईबाप काढला, तर तीच क्लिप सरकारी वकील तुमच्याविरुद्ध चालवतात.

कागदपत्रांचं पटकन सांगून टाकते. डिजिलॉकर आणि एमपरिवहनवरचं लायसन्स आणि आरसी चालते, केंद्राने २०१८ मध्येच मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलून ते स्पष्ट केलं आहे. गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो मात्र चालत नाही.

आता चलान. मुंबईत ई-चलान २०१६ मध्ये आलं, राज्यभर २०१९ पासून. हातातली रोख रक्कम गेली आणि चिरीमिरीला बऱ्यापैकी चाप बसला, हे मी कोर्टात बसून बघितलं आहे आणि मान्य करते. पण पूर्वी पावती फाडताना निदान दोन माणसं समोरासमोर असायची. मी पट्टीच्या मागे होतो, असं तिथल्या तिथे म्हणता यायचं. आता आपण काय केलं हे आपल्याला दीड महिन्याने मोबाइलवरून कळतं, आणि तोवर त्या दिवशी आपण त्या चौकातून गेलो होतो की नाही हेही आठवत नाही.

म्हणून चलान आलं की रकमेआधी फोटो उघडा. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की तो दिसतो. गाडी तुमचीच आहे का ते आधी बघा. माझ्या एका अशिलाच्या पांढऱ्या स्कूटरवर ट्रिपल सीटचं चलान होतं आणि फोटोत काळी मोटारसायकल होती. त्या मोटारसायकलची प्लेट फॅन्सी अक्षरांतली, सीरिजमधला ‘जी’ कुणीतरी ‘सी’ वाचलेला. आरसी आणि स्कूटरचा फोटो जोडून साइटवरच तक्रार टाकली, चलान रद्द झालं. मग जागा आणि वेळ बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या गोष्टीचा दंड लावलाय ती फोटोत दिसते का? हेल्मेट नाही हे मागूनही दिसतं. झेब्रावर थांबला होता हे सिद्ध करायला मात्र पट्टी, पुढचं चाक आणि लाल दिवा हे तिन्ही एका फोटोत यायला हवेत. तुमच्या चलानात मागची नंबर प्लेट आणि पाठीवरची सॅक एवढंच असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

खिशातल्या मोबाइलचं काय? ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. त्यात स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीडगन, अंगावरचा कॅमेरा अशी साधनं मोजून सांगितली आहेत. साधनाला प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण. कॅमेरे लावलेल्या पट्ट्यात वाहनचालकाला दिसेल असा फलक हवा. आणि चलानाची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवायला हवी. शिपायाचा स्वतःचा मोबाइल या यादीत नाही. राज्यात तर जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानांवरून संप पुकारला, त्यानंतर अप्पर पोलीस महासंचालक (वाहतूक) यांच्या कार्यालयाने खासगी मोबाइलवर फोटो काढून ते नंतर चलान मशीनमध्ये चढवायला मनाई केली. असे आदेश त्याआधीही निघाले होते. ते पुन्हा काढावे लागतात यातच काय ते समजा. तक्रारीत हे परिपत्रक आणि १५ दिवसांची मुदत, दोन्हींचा उल्लेख करा.

तक्रार करायची असेल तर पैसे भरू नका. लोक आधी भरून टाकतात आणि मग भांडायला येतात. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरलं की प्रकरण तिथेच मिटतं, म्हणजे तुम्ही ते मान्य केलं असाच अर्थ होतो. तक्रार फेटाळली गेली तर ‘मला तडजोड करायची नाही, प्रकरण कोर्टात पाठवा’ असं लेखी कळवा. तो तुमचा हक्क आहे. आणि इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ज्या गुन्ह्याला नुसती दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाला सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. जिथे एक वर्षापर्यंत कैद आहे, उदाहरणार्थ कलम १८४ खालचं धोकादायक ड्रायव्हिंग, तिथे मुदत एक वर्षाची. तीन-चार वर्षांपूर्वीची चलानं साइटवर लाल रंगात दिसत राहतात, पण त्यातली कितीतरी कधी कोर्टात गेलेलीच नसतात. तरी खूश होऊ नका. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी तीच यादी उघडून दाखवतो.

‘लोकअदालतीला हजर राहा’ असा मेसेज आला की घरातली वडीलधारी माणसं घाबरतात. तो तडजोडीसाठीचा निरोप असतो, कोर्टाचं समन्स नव्हे. गेलात तर बहुधा रक्कम भरून मोकळे व्हाल, नाही गेलात म्हणून वॉरंट निघत नाही. मात्र कोर्टाच्या शिक्क्याचं खरं समन्स आलं तर ते चुकवू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, कधीही उघडू नका. पोलीस चलान असं पाठवत नाहीत. त्या फाइलने चलानाच्या कित्येक पट रक्कम खात्यातून गेलेली माणसं माझ्याकडे आली आहेत.

हेल्मेटच्या चलानाबद्दल तुमच्याशी माझं पटणार नाही. कलम १२९ स्पष्ट आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, मागे बसणाऱ्यालासुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ड मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन आलं. महाराष्ट्राने ते वाढीव दर आधी लागूच केले नाहीत, निवडणूक तोंडावर होती. ते लागू झाले डिसेंबर २०२१ मध्ये, आणि हेल्मेटचं तडजोड शुल्क पाचशे ठरलं. म्हणजे तुम्हाला निम्म्यात सोडलं आहे. झाडाआड उभं राहून पकडणं बेकायदा नाही. पण शहाणपणाचंही नाही. चौकाच्या आधी, सगळ्यांना दिसेल असा पोलीस उभा असला तर माणूस पट्टीच्या मागे थांबतो. चौकाच्या नंतर लपलेला पोलीस दिसेपर्यंत गुन्हा घडून गेलेला असतो, मग उरतो तो फक्त दंड. लोक याला ‘वसुली’ म्हणतात ते त्या उभं राहण्याच्या जागेमुळे. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, हवालदाराच्या खिशात नाही, हे सांगूनही कुणाला पटत नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

टोइंगच्या बाबतीत लोकांचा संताप मला सर्वांत रास्त वाटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत टोइंगवाल्यांनी दुचाकी मालकासकट उचलल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. २०१७ मध्ये मुंबईत मालाडला आई आणि तान्हं बाळ आत बसलेलं असताना गाडी ओढून नेली, तेव्हा पोलीस शिपाई निलंबित झाला. मार्च २०२२ मध्ये संजय पांडे मुंबईचे आयुक्त झाल्या झाल्या त्यांनी टोइंग प्रयोग म्हणून थांबवलंच होतं. कायदा काय म्हणतो ते बघा. कलम १२७ प्रमाणे दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली, किंवा कायद्याने पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवता येते, तीही त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने सांगितल्यावर. क्रेनवर लटकलेली चार पोरं हे कलम वापरू शकत नाहीत.

‘कायद्याने मनाई’ याचा अर्थ पोलीस उपायुक्तांनी काढलेला आदेश आणि जागेवर लावलेला फलक. कोणत्या रस्त्याला कुठून कुठपर्यंत नो पार्किंग, कुठे सम-विषम तारखेचं पार्किंग, हे कलम ११५ आणि ११६ खालच्या आदेशात लिहिलेलं असतं. दवाखान्यासमोरून गाडी उचलल्याच्या अशाच एका प्रकरणात आम्ही दोन गोष्टी केल्या. त्याच संध्याकाळी त्या जागेचा फोटो काढला. फलक होता, पण त्याच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला आणि खालून फक्त ‘पी’ची शेपटी दिसत होती. मग माहिती अधिकारात त्या रस्त्याचा नो पार्किंगचा आदेश मागितला. आला तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचा. एवढं जोडून सहायक आयुक्तांकडे अर्ज दिला, आवकचा शिक्का घेतला, आणि कोर्टात जाण्याची वेळच आली नाही. तो फ्लेक्स मात्र पुढे बरेच दिवस तिथेच होता. तो लावणाऱ्याला नोटीस देणं महापालिकेचं काम, आणि महापालिका त्याला ओळखत होती.

इथे आपण तुमच्या पहिल्या प्रश्नाशी येतो. कारवाई कुणावर होते? जो थांबतो त्याच्यावर. नोकरदार बाई, कॉलेजचा मुलगा, डबा घेऊन निघालेला कामगार हे हात दाखवला की थांबतात आणि दंड भरतात. टँकर थांबवला की मालकाचा फोन येतो, मालकाने सांगितल्यावर नगरसेवकाचा, आणि नगरसेवकाच्या नंतर ठाण्यातून. हवालदार उन्हात आणि धुरात उभा असतो, त्याची बदली त्या फोनवाल्यांच्या हातात असते, आणि टँकर सोडला म्हणून त्याला कुणी कधी विचारत नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं छातीठोक उत्तर माझ्याकडे नाही.

मात्र त्या फोनांत आपलेही फोन असतात. लायसन्स घेतलं की आपल्यातले निम्मे लोक ‘ओळखीचा कुणी आहे का’ हे आधी शोधतात. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी हेल्मेटची मोहीम घेतली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने मोर्चा काढला, आमदार मुख्यमंत्र्यांकडे गेले आणि त्याच वर्षी शहरातली कारवाई सैल झाली. कायदा बदलला नव्हता, बदलला तो फक्त पोलिसांना मिळालेला इशारा. मग पुढच्या वर्षी तोच हवालदार दुसऱ्या कुणाला सोडतो, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने विचारायचं?

आणि १९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघाताने उरलासुरला विश्वासही हलवला. दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात होती, आणि बाल न्याय मंडळाच्या पहिल्या जामिनात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. मुलाच्या रक्ताचे नमुने कित्येक तासांनी घेतले गेले, ते बदलल्याच्या आरोपात ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली, वेळेवर वरिष्ठांना न कळवल्याबद्दल पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्यानंतर माझ्याकडे नाकाबंदीत सापडलेला प्रत्येक अशील एकच वाक्य म्हणायचा, ‘मॅडम, मी पण निबंध लिहितो.’ हसून म्हणायचे, पण चेहऱ्यावर हसू नसायचं.

नाकाबंदीवरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, हे कलम २०० च्या तडजोडीच्या यादीतच नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की प्रकरण कोर्टातच जातं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे जागेवर ‘दोन हजारांत मिटवू’ असं कुणी म्हणालं तर ती मांडवली आहे, दंड नव्हे. लाच देणाराही २०१८ च्या दुरुस्तीपासून गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

डीजेचा प्रश्न याच्या उलट्या टोकाचा आहे. वाहतुकीत नको तिथे अधिकार वापरतात, इथे असलेला वापरत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात १५ दिवसांपर्यंत सणांसाठी बारापर्यंत सूट देता येते, म्हणून गणपतीत साडेअकराला वाजत असेल तर तो दिवस सूट दिलेल्या दिवसांच्या यादीत होता का, हे आधी बघा. पण सूट वेळेची असते, आवाजाच्या मर्यादेची नाही. आणि बारानंतर कोणतीच सूट नाही, दीड तर लांबच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉक्टर महेश बेडेकरांच्या याचिकेवर हे सगळं विस्ताराने सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं, आणि तक्रारदाराची ओळख विचारू नका, उघड करू नका, हेही पोलिसांना बजावलं.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळतं, ‘आवाज मोजायचं मशीन नाही.’ बारानंतरच्या ध्वनिक्षेपकासाठी मशीन लागतच नाही, घड्याळ पुरतं. हे वाक्य तुमच्या अर्जात जसंच्या तसं घाला. ११२ ला फोन केल्याची वेळ मोबाइलच्या कॉल यादीत आहेच, तिचा स्क्रीनशॉट काढा. खिडकीतून मिनिटभराचा व्हिडिओ, शक्यतो त्यात घड्याळ दिसेल असा. मग ठाण्यात लेखी अर्ज: अमुक वेळी फोन केला, गाडी आली की नाही, आली तर काय केलं, स्टेशन डायरीत नोंद काय आहे याची माहिती द्यावी. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. कारवाई न केल्याचाही कागद असा तयार होतो, आणि ठाण्यातल्या अधिकाऱ्याला त्याची धास्ती दंडाच्या कारवाईपेक्षा जास्त असते. पुढच्या वर्षी मंडळाचा अर्ज आला की त्याच मंडळाविरुद्धची जुनी तक्रार फाइलमध्ये समोर येते.

नियम मोडणाऱ्या पोलिसाबद्दल लोक विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१०-ब आलं आहे. कायदा राबवणाऱ्यानेच गुन्हा केला तर दंड दुप्पट. तुमच्या शहरात या कलमाखाली गेल्या वर्षात किती केस झाल्या, एवढा एकच प्रश्न माहिती अधिकारात विचारून बघा. मारहाण, खंडणी, बेकायदा अटक असा गंभीर प्रकार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर, महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने ते आलं. चावीसाठी तिथे जाऊ नका, ते त्यासाठी नाही. चावीसाठी वाहतूक शाखेचे उपायुक्त, लेखी, दिनांक-वेळ-चौक आणि नावाच्या पट्टीवरच्या नावासह.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. हेल्मेटचे पाचशे आज भरून टाका. झेब्रावर साइटवर तक्रार, फोटोत पट्टी दिसत नाही, सूचना १५ दिवसांत आली नाही आणि फोटो खासगी मोबाइलचा आहे, या तीन मुद्द्यांवर. दोन्ही चलानं वेगवेगळी आहेत, एकत्र भरू नका, साइटवर सगळी एकदम निवडली जातात तेव्हा झेब्राची खूण काढा. पत्नीच्या स्कूटरसाठी उद्याच जाऊन त्या जागेचे फोटो, दोन्ही दिशांनी, आणि नो पार्किंगच्या आदेशासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. आणि डीजेची तक्रार गणपती झाल्यावर विसरू नका. पुढच्या वर्षीच्या परवानग्यांच्या बैठका ठाण्यात उत्सवाच्या महिना-दोन महिने आधी सुरू होतात, तुमचा अर्ज त्याआधी आवकला पडला पाहिजे. सोसायटीच्या लेटरहेडवर दिलात तर चांगलं, एकट्याच्या नावापेक्षा अध्यक्ष-सचिवांची सही ठाणे अंमलदार जरा नीट वाचतो.